डाव्या बाजूचा बिघाड

९ जानेवारी

गाडी आली. आमच्या लेकीपेक्षा दोनच वर्षांनी लहान. रंग मूळचा हिरवा असावा; आता काही भाग हिरवा, काही गंजलेला आणि काही घर रंगवून उरलेल्या करड्या रंगाने कुणीतरी फासलेला. डिझेलचं जुनं इंजिन, मागे पत्र्याची बाकं, आणि गिअरच्या दांड्याशेजारी तो आखूड दुसरा दांडा, जो ओढला की चारही चाकं जोर लावतात. मला भुरळ पडली ती त्या दांड्याचीच.

ही फाटकात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, चालते ना?"

"इथवर आली ती चालतच आली ना?"

"ओढत आणली असती तरी तुम्ही हेच म्हणाला असतात."

वरच्या वस्तीचा रस्ता दोन ठिकाणी खचल्यापासून दवाखान्याची व्हॅन तिकडे जात नाही. हिने सगळी नोकरी नर्स म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यापासून डोक्यात तेवढं एकच घेतलं आहे. दर गुरुवारी वर जायचं, ब्लड प्रेशर बघायचं, गोळ्या द्यायच्या, तान्ह्या मुलांची वजनं घ्यायची. मी आयुष्यभर कारखान्यातले पंप आणि जनरेटर दुरुस्त केले. तेव्हा माणसं तिने बघायची आणि गाडी मी. वाटणी चोख आहे.

१३ जानेवारी

काल सकाळी किल्ली फिरवली तर नुसता 'टक्'. बॅटरी पार बसलेली. रात्री चार्ज करून ठेवली तरी आज पुन्हा तेच.

मी बॅटरीची एक वायर सोडून मध्ये टेस्ट लॅम्प लावला. गाडीतलं सगळं बंद असताना तो पेटायला नको. पेटला. म्हणजे कुणीतरी चोरून वीज पीत होतं. हिला आत बसवलं आणि एकेक फ्यूज काढायला सांगितलं.

"काढला."

"पेटतोय."

"हाही काढला. आता?"

"पेटतोयच."

सगळे फ्यूज हिच्या ओच्यात जमा झाले तरी दिवा आपला पेटलेलाच. शेवटी अल्टरनेटरची जाड वायर सोडली आणि दिवा पटकन विझला. आतला डायोड गेलेला. चार्जिंग करायचं ते यंत्रच उलट बॅटरी उपसत होतं. मला इतका आनंद झाला की हिच्याकडे बघून शिट्टी मारली. शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी वाकून बघितलं.

हिला आता सगळ्याची नावं हवी असतात. "ही एवढीशी वायर कसली?" म्हणाली. मी सांगितलं, ही डिझेल पंपाची. ही निघाली तर पंपाला डिझेलच सुटत नाही, मग कितीही किल्ली फिरवा, इंजिन सुरू होणार नाही. "एवढ्याशा वायरीवर एवढं सगळं?" म्हणाली आणि बोटाने ती चाचपून पाहिली. शिकायची हौस आहे.

१९ जानेवारी

अल्टरनेटर बदलला. आता क्लच सोडताना खालून 'ठण्' असा आवाज. नाक्यावरचा मेकॅनिक, ज्याला सगळे वस्ताद म्हणतात, त्याच्याकडे नेली. चाळिशीचा आहे, मला काका म्हणतो, आणि हातात पाना असल्याशिवाय त्याला शब्द सापडत नाहीत. त्याचं म्हणणं, गिअरबॉक्स. माझं म्हणणं, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा क्रॉस जॉइंट. दोघंही गाडीखाली आडवे झालो. दांडा हाताने मागेपुढे पिळला तर जॉइंट चांगला खडखडत होता.

"काका जिंकले," वस्ताद म्हणाला. "पण गिअरबॉक्सही कधीतरी जाणारच आहे. तेव्हा मी जिंकेन."

उठताना डाव्या पायाला जरा मुंग्या आल्यासारखं झालं. फरशी गार होती.

२३ जानेवारी, गुरुवार

पहिली फेरी. खचलेल्या जागी आखूड दांडा ओढला आणि गाडी अशी गुरगुरत चढली, जणू रस्त्यावर तिचा जुना राग आहे. ही शेजारी डावीकडच्या सीटवर, मांडीवर औषधांची पेटी घट्ट धरून. वर पोचलो तर माणसं वाट बघत उभी होती. एका म्हातारबाबांचं ब्लड प्रेशर इतकं वाढलेलं निघालं की हिने मशीन बिघडलं समजून आधी माझं तपासून पाहिलं. माझं ठीक. मशीनही ठीक. म्हातारबाबांना तिथल्या तिथे गोळी दिली.

येताना फाटकाच्या खांबाला डावा मडगार्ड घासला. खांब जरा जास्तच पुढे आलाय. इतकी वर्षं कसा लक्षात आला नाही?

२७ जानेवारी

डावा हेडलाइट मंद आहे. तिन्हीसांजेला घरी येताना रस्त्याची उजवी बाजू लख्ख आणि डावीकडे अंधार. बल्ब बदलला. फरक नाही. उद्या वायरिंग बघतो. जुन्या गाड्यांत अर्थिंगची पट्टी गंजते आणि मग एकेक दिवा असा रुसतो.

क्लच जड झालाय. दाबायला वेळ लागतो. गिअरचा दांडाही अडकतो. दुसऱ्यात टाकायला जावं तर मधेच हात थबकतो.

२८ जानेवारी

जेवताना वाद. मी म्हटलं, आज भाजी केलीच नाहीस का? ही म्हणाली, वाढली आहे. मी म्हटलं, कुठे? तिने ताट अर्धं फिरवलं. भाजी होती. बरीच होती. मला उगाच राग आला. माणसाने समोर वाढावी.

ही नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत बसली होती. भांडण मनाला लावून घेते.

३० जानेवारी, गुरुवार

दुसरी फेरी. गाडी डावीकडे ओढते. खचलेल्या जागेच्या आधी, जिथे कठडा नाही, तिथे ही एकदम ओरडली, "अहो, उजवीकडे! उजवीकडे घ्या!" मी घेतलं. तशी बरीच जागा होती असं मला वाटतं. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि वर पोचेपर्यंत ती एका हाताने दाराची कडी धरून होती. उद्या हवेचं प्रेशर आणि चाकांचं अलाइनमेंट.

२ फेब्रुवारी

चाकांत हवा बरोबर. अलाइनमेंट बरोबर. डाव्या दिव्याची अर्थिंग पट्टी खरवडून साफ केली, तरी तो मंदच. वस्तादला म्हटलं, क्लच जड आहे, गिअर अडकतो, गाडी डावीकडे जाते, तूच चालवून बघ. तो नाक्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आला.

"काका, लोण्यासारखी चालतेय."

"क्लच?"

"लहान पोरसुद्धा दाबेल इतका हलका."

"आणि ओढ?"

"मी स्टिअरिंग सोडून पाहिलं. नाकासमोर गेली."

मी त्याला म्हटलं, तुझं लक्ष नाही कामात. तो गप्प झाला, आणि हातात पाना होता तरी. मला वाईट वाटलं, पण बिघाड आहे तो आहे. बिघाड हा लाजाळू असतो, तिऱ्हाइतासमोर येत नाही. कारखान्यात हे शंभर वेळा पाहिलंय.

आम्ही निघालो तेव्हा ही मागे थांबून त्याच्याशी काहीतरी बोलत होती. माझ्या बोलण्याबद्दल सारवासारव करत असणार.

४ फेब्रुवारी

आज हिला काय झालं कुणास ठाऊक. चहा झाल्यावर समोर येऊन बसली, माझ्या दोन्ही हातांत आपली बोटं दिली आणि म्हणाली, "दाबा. जोरात."

"अगं, या वयात?"

हसली नाही. मी दाबली. मग म्हणाली, डोळे मिटा आणि दोन्ही हात समोर धरा. मला वाटलं काही आणलं असेल माझ्यासाठी. धरले. डोळे उघडले तर हातांत काहीच नव्हतं आणि ही माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. तो थोडा खाली आला होता. दिवसभर पाने फिरवले की खांदा भरतोच.

नंतर दार लावून लेकीशी फोनवर बोलत होती. मायलेकींची गुपितं. मग म्हणाली, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, डोळे दाखवू. म्हटलं, गुरुवारची फेरी होऊ दे, मग जाऊ. चष्मा काय पळून जात नाही. डावी चप्पल पायातून सारखी निसटते, तीही तेव्हाच घेऊ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी सुरूच होईना. स्टार्टर जोरात फिरतोय, बॅटरी ठणठणीत, पण इंजिन पेट घेत नाही. म्हणजे डिझेल येत नाही. टाकी पाहिली, फिल्टर पाहिला, पाइपातली हवा काढली. दुपार गेली. ही ओट्यावर बसून होती. म्हटलं, वर माणसं वाट बघत असतील, तर म्हणाली, "मी आज येत नाही म्हणून काल संध्याकाळीच कळवलंय. वस्ताद मोटरसायकलवरून गोळ्या पोचवून आलासुद्धा."

कसं सुचलं हिला आधीच? बायकांना अंदाज येतो.

शेवटी सापडलं. डिझेल पंपाची ती एवढीशी वायर निघालेली. तुटलेली नाही, जळलेली नाही, छान अलगद सुटून बाजूला ठेवल्यासारखी. कंपनांनी होतं असं. लावली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी विजयाने हिच्याकडे बघितलं तर हिच्या डोळ्यांत पाणी.

"अगं, सापडला ना बिघाड!"

"हो," म्हणाली. "सापडला." आणि आत गेली.

९ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

तो डावा दिवा मला स्वस्थ बसू देत नव्हता. संध्याकाळी गाडी मागच्या आवारात भिंतीसमोर उभी केली, दोन्ही दिवे लावले आणि स्टिअरिंगवर बसलो. भिंतीवर उजवीकडे प्रकाशाचा गोल. डावीकडे जवळजवळ काही नाही. उतरलो, दोन्ही दिवे काढून अदलाबदल केली. दिवा खराब असेल तर आता उजवा मंद दिसायला हवा. पुन्हा बसलो. मंद डावाच. म्हणजे दिवा नाही, वायरिंग. मीटर लावला. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. वायर बरोबर, दिवा बरोबर, आणि तरी डावीकडे अंधार. असं होऊ शकत नाही. असं झालं तर याचा अर्थ आपण तपासलेल्या साखळीत एक कडी राहून गेली आहे.

मी हिला हाक मारली. म्हटलं, भिंतीशी उभी राहा, दोन्ही गोलांच्या मधोमध, आणि सांग कुठला फिका दिसतो. ती गेली.

"दोन्ही सारखे आहेत," तिचा आवाज आला.

"तू गेलीस कुठे पण? मधोमध उभी राहा म्हटलं ना!"

"मी इथेच आहे."

"कुठे?"

"तुमच्यासमोर, अहो. जरा डावीकडे. मी हात हलवतेय."

मी मान वळवली. ती होती. प्रकाशाच्या लख्ख गोलात, हात वर करून, लहान मुलाला दुरून खूण करावी तशी. क्षणापूर्वी तिथे भिंतसुद्धा नव्हती. आणि वाईट हे की तिथे काही नाही असंही मला वाटलं नव्हतं. ती बाजूच नव्हती, एवढंच.

मी मान पुन्हा सरळ केली. ती नाहीशी झाली. वळवली, आली. तीनचार वेळा केलं. कारखान्यात यंत्राचा बिघाड पुन्हापुन्हा घडवून खात्री करायचो तसंच. मग इंजिन बंद केलं. क्लच डाव्या पायाने. गिअर डाव्या हाताने. फाटकाचा खांब, ताटातली भाजी, चप्पल. सगळ्या तक्रारी एकेक करून गाडीतून उतरल्या आणि माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

ही दाराशी आली. मी म्हटलं, "गाडीत काही बिघाड नाही."

"नाही," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं."

"संशय होता. भाजीच्या दिवसापासून. हात दाबून पाहिले तेव्हा खात्री झाली."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याशेजारी येऊन बसली, डावीकडे, म्हणून मला मान वळवूनच बघावं लागलं. म्हणाली, "किती जणांना सांगितलं असेल मी आयुष्यात. त्यांच्या बायकांना, आयांना. अगदी शांतपणे. तुम्हाला सांगायला गेले की तोंडून चष्माच निघायचा. आणि तुम्ही तर ऐकायच्या आधीच पाना शोधायचात." मग म्हणाली, "ती वायर मी काढली होती."

मला हे कळायला हवं होतं. वायर पुसून ठेवलेली होती. कंपनं वायर पुसत नाहीत.

राग आला. खरं लिहितो, पहिल्यांदा रागच आला, माझ्या गाडीला हात लावल्याचा. मग त्या कठडा नसलेल्या वळणावर हिची सीट कुठल्या बाजूला होती ते आठवलं, आणि मी किल्ली काढून हिच्या हातात दिली. ती तेव्हाही माझ्या शेजारी बसली होती. संशय होता तरी मला एकट्याला सोडायचं नाही म्हणून बसली होती.

१२ फेब्रुवारी

तपासणी झाली. डोक्याच्या आत, उजवीकडे, मेंदूच्या आवरणाला धरून गाठ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक साधी, अनेक वर्षं हळूहळू वाढलेली. उजव्या बाजूचा मेंदू शरीराची आणि जगाची डावी बाजू सांभाळतो म्हणे. मी म्हटलं, माझ्या हाताखालच्या माणसाने असं उलटसुलट वायरिंग केलं असतं तर त्याला घरी पाठवला असता. त्या हसल्या. ही हसली नाही.

गाठ काढावी लागेल. पुढच्या आठवड्यात.

१३ फेब्रुवारी

वस्ताद येऊन गेला. मी त्याला म्हटलं, तुझं लक्ष कामात होतं, चूक माझी. तो म्हणाला, "काका, मी काकूंना त्याच दिवशी सांगितलं होतं, गाडी ठीक आहे, काकांना डॉक्टरांकडे न्या. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही." मग पाना हातात फिरवत बसला. जाताना गाडीची किल्ली हिच्याकडे मागून घेतली.

१७ फेब्रुवारी

उद्या. लेक आली आहे. सगळे हळू बोलतात, आणि त्यानेच भीती वाटते.

मी इतकी यंत्रं उघडली. उघडताना यंत्राला काय वाटत असेल हा प्रश्न कधी पडला नाही, आणि पडायचं कारणही नव्हतं. उद्या मात्र उघडलं जाणारं मीच आहे. पुन्हा जोडताना एखादा स्क्रू उरला तर? आम्ही उरलेले स्क्रू डब्यात टाकायचो आणि म्हणायचो, त्यावाचून चालतंय ना, मग झालं. कशावाचून चालणार असेल माझं? हिचं नाव आठवलं नाही तर चालेल का? हे हिला विचारलं नाही. ती माझी नखं कापत होती. डाव्या हाताची तिने दोनदा तपासली.

११ मार्च

ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा लिहितोय. गाठ साधी निघाली. सगळी निघाली. नावं सगळी आठवतात, नको तीसुद्धा.

डावीकडचं जग परत येतंय, पण एकदम नाही. पाहुणा बिचकत दारात उभा राहतो तसं. डाव्या पायाला काठी लागते. डाव्या हाताची बोटं बटणाशी भांडतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाडी चालवायची नाही. मी विचारलं, केव्हापर्यंत? त्या म्हणाल्या, ते नंतर बघू. अशा सुरातलं 'नंतर' मी ओळखतो. दुरुस्त न होणाऱ्या जनरेटरच्या मालकाला मीही तेच सांगायचो.

घरी येऊन गाडीकडे बघितलं नाही.

२ एप्रिल

बाहेर गाडीचा आवाज. खिडकीत गेलो तर ही स्टिअरिंगवर आणि वस्ताद शेजारी, कपाळाला हात लावून. गाडी उड्या मारत फाटकातून आत आली आणि बंद पडली. ही खिडकीकडे बघून म्हणाली, "क्लच जड आहे हो."

"लोण्यासारखा आहे," मी आणि वस्ताद एकदमच म्हणालो.

तिने दोघांकडेही असं बघितलं की वस्ताद खाली उतरून चाकाची हवा तपासायला लागला. महिनाभर शिकतेय म्हणे. मला सांगितलं नाही, कारण मी सूचना केल्या असत्या.

मी आत येऊन जरा बसलो. गाडी माझ्याशिवाय चालली याचं वाईट वाटलं, आणि चालली याचं बरं वाटलं. कुठलं जास्त, ते मोजायला मीटर नाही.

१५ मे, गुरुवार

आज मीही वर गेलो, डावीकडच्या सीटवर. या बाजूने रस्ता वेगळाच दिसतो. कठडा नसलेल्या वळणावर मी खाली पाहिलं आणि दाराची कडी धरली.

खचलेल्या दुसऱ्या जागी झऱ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. हिने आखूड दांडा ओढला, तरी तेच. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल कडी असते. ती खाली उतरून हाताने फिरवल्याशिवाय पुढची चाकं कामाला लागत नाहीत. मी ती घरूनच फिरवून निघायचो; हिला वस्तादने शिकवायचं राहिलं होतं. ही उतरायला निघाली. मी म्हटलं, तू पाय ब्रेकवर ठेव, मी बघतो.

उजव्या चाकाची कडी फिरली. डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसलो आणि आधी डावा हात लावला. बोटं घसरली. पुन्हा लावला. घसरली. मग उजव्याने फिरवली.

"झालं का हो?"

"झालं. आता दुसऱ्या गिअरवर हळूहळू घे, आणि चढ संपेपर्यंत थांबू नकोस. माझ्यासाठीसुद्धा."

"आणि तुम्ही?"

"मी येतो चालत."

तिने दुसरा गिअर टाकला. मग गाडी गुरगुरली, माझ्या अंगावर चिखल उडवला आणि निघाली. वळणाआड गेली. आवाज वर वर जात राहिला, कुठेही न अडखळता. तिने खरंच थांबवली नाही.

मला चढायला फार वेळ लागला. दोनदा दगडावर बसलो. पोचलो तेव्हा हिचं टेबल मांडून झालं होतं आणि समोर रांग होती. एक बाई मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "काका, मधे घुसू नका, रांगेत बसा." मी काठी टेकत रांगेत बसलो. माणसं पुढे सरकली, मीही सरकलो. माझी पाळी आली तेव्हा ही मान खाली घालून गोळ्या मोजत होती.

"काय होतंय?" तिने वर न बघता विचारलं.

"डावा पाय ओढतोय," मी म्हणालो. "बोटांत जोर नाही. आणि खालच्या दगडावर बसलो होतो तेव्हा भीती वाटली, की इथवर पोचणार नाही."

तिने वर बघितलं. मग तिने स्वतःशेजारचं स्टूल ओढलं, मला त्यावर बसवलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. रांग संपेपर्यंत मी तिथेच बसून लोकांची नावं लिहून घेत होतो.

उतरताना गाडी तिनेच चालवली. मी एकही सूचना केली नाही. म्हणजे दोनच केल्या.